हल्ली मुक्काम आसगाव

भंडाऱ्याच्या त्या लॉ कॉलेजात जिन्याखालची खोली कायदा मदत केंद्राला दिलेली होती. आधी तिथे खेळाचं सामान पडलेलं असायचं. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार म्हणून प्राचार्यांनी कॅरम बोर्ड आणि फाटकी नेट बाहेर काढायला लावली, भिंतींना चुना मारून घेतला आणि दारावर पाटी ठोकली: गरजूंना मोफत कायदेविषयक सल्ला, दर बुधवारी, अकरा ते दोन. समिती आली, समोसे खाऊन गेली. पाटी राहिली. आणि पाटी वाचून माणसं खरोखरच यायला लागली, ज्याची तयारी कुणीच केलेली नव्हती.

खोलीत बसायची शेवटच्या वर्षाची पोरं. सही करायला टेकचंद बिसेन म्हणून एक वकील होते, ते आठवड्यातून एकदा येत, पंखा त्यांच्याकडे वळवून बसत आणि समोर येईल त्या कागदावर सही ठोकत. बाकी सगळा कारभार तृप्ती रामटेकेचा. तिचे वडील परसराम पंचायत समितीत शिपाई. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेलेला माणूस; आता आपली पोरगी फायली स्वतः तयार करते, याचं त्यांना इतकं कौतुक, की परीक्षा व्हायच्या आधीच ते गल्लीत तिला वकील म्हणून मोकळे झाले होते.

पोरगी हुशार होती, यात वादच नाही. मसुदालेखनात वर्गात पहिली, कलमं तोंडपाठ. फक्त हुशार पोरांना जो रोग असतो तो तिलाही होता: कागद बरोबर झाला की काम बरोबर झालं, असं तिला मनापासून वाटायचं. तिला वाईट म्हणवत नाही. सुटीच्या दिवशी येऊन पदरमोड करून लोकांच्या झेरॉक्स काढणारी पोरगी ती. पण जे झालं ते तिच्याच हातून झालं.

पोळा उलटून गेल्यावरच्या एका बुधवारी दोन बाया आल्या. पुढे होती ती साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट खोवलेली. मागची पंचवीस-सव्वीसची, डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. बोलताना ती मान थोडी वळवून उजवा कान पुढे करायची. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं.

"मी चंद्रभागाबाई, आसगावची," म्हातारी म्हणाली. "अन् हे रीता. माही कोणी लागत नाही. हिच्या लग्नाआधी आमी दोघी मिरच्या निवडाच्या सातऱ्यावर संगं देठं खुडत होतो, तेवढीच वळख. आता माह्या घरी राह्यते."

"त्यांचं घर कोणतं?" तृप्तीनं विचारलं.

"आंबागड," रीता म्हणाली. "तुमसरच्या पल्याड. किल्ल्याच्या खाली."

मग ती सांगत गेली. नवरा भूपेंद्र. धानाची शेती, स्वतःचा ट्रॅक्टर, गावात मान. दारू नाही, जुगार नाही, कुणाला अरे-तुरे करत नाही. "दारू पेत असता त लोकं तरी मानले असते," ती म्हणाली. मारायचा तो शुद्धीत, दार लावून, आणि मारून झाल्यावर हात धुवायचा. दोनदा ती माहेरी पळाली. दोन्ही वेळा तो पांढरा सदरा घालून आला, हात जोडून बसला, आणि दोन्ही वेळा बापानं तिला त्याच्या मागे मोटरसायकलवर बसवून दिलं. दुसऱ्यांदा घरी नेल्यावर त्यानं कान फोडला. गेल्या महिन्यात हात मोडला आणि सांगितलं, आता गेलीस तर मान.

म्हणून या वेळी ती माहेरी गेलीच नाही. ज्या जागी शोधायचं नवऱ्याच्या डोक्यात येणार नाही, अशी जिल्ह्यात तिच्यासाठी एकच जागा होती: आसगावच्या बौद्ध वस्तीतली चंद्रभागाबाईची दीड खोली. ना नातं, ना जात, ना गाव. भूपेंद्रला चंद्रभागाबाईचं नावही ठाऊक नव्हतं.

"मले पोटगी नोको, काही नोको," रीता म्हणाली. "त्यानं माह्यापाशी येऊ नये, असा कागद कोर्टातून भेटते काय?"

"भेटते," तृप्ती म्हणाली. "संरक्षणाचा आदेश म्हणतात त्याले."

"अन् मी कोठी हाओ, हे त्याले समजू नये."

"नाही समजणार, ताई." आणि तृप्तीनं फॉर्मवर तसं लिहिलंही, पत्ता गोपनीय, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता कायद्याप्रमाणे बघाल, तर या कामात नवऱ्याला आधी नोटीस देण्याची काही गरजच नव्हती. सरळ कोर्टात अर्ज टाकता आला असता. पण वकिलीत पहिलं पाऊल म्हणजे नोटीस, हे इतकं मुरलेलं असतं, की देऊ नये असं कुणाच्या मनातच येत नाही. बिसेन वकील म्हणाले, "आधी एक नोटीस काढ," आणि तृप्ती संगणकाच्या खोलीत जाऊन बसली.

ती नोटीस तिनं दोन दिवस लिहिली. तारखा शोधून घातल्या, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी जोडली. वाक्यं अशी नेटकी, की वाचणाऱ्याला घाम फुटावा. वर नमुन्याप्रमाणे पक्षकाराचं नाव, वय, धंदा लिहिला. पुढे 'राहणार'पाशी ती थांबली. आधी आंबागड टाकलं, मग खोडलं. मग लिहिलं: हल्ली मुक्काम आसगाव, तालुका पवनी, द्वारा चंद्रभागाबाई, बौद्ध वस्ती, आणि पुढे पिनकोड.

बाजूला तिचा वर्गमित्र अश्विन दुसऱ्या कुणाचा तरी फेरफाराचा अर्ज टाइप करत होता. त्यानं वाकून पाहिलं.

"पत्ता टाकून राहिली? फॉर्मवर त गोपनीय लिहलं हाय."

"मंग पवनीच्या कोर्टाले अधिकार कसा येईन?" तृप्ती म्हणाली. "ती इथं राह्यते हे दाखवा लागन ना. नाही त केस तुमसरले लागन, अन् दर तारखेले तिले त्याच्या दारावरून जा लागन."

अश्विन परत आपल्या अर्जाकडे वळला. तृप्ती कायद्याचं बोलायला लागली की तो वाद घालत नसे. आणि तिचं म्हणणं तसं चूक नव्हतं. फक्त ते कोर्टातल्या अर्जाला लागू होतं, तिथेही पत्ता झाकून ठेवायची विनंती करता आली असती. नवऱ्याला जाणाऱ्या नोटिशीत त्या ओळीचं काही काम नव्हतं. रीताचे हेलपाटे वाचावेत म्हणून तिनं ती ओळ लिहिली होती. हे तिला नंतर किती वेळा आठवलं, त्याला मोजदाद नाही.

शेवटचा परिच्छेद तिनं लिहिलाच नाही, जुन्या नोटिशीतून उचलून चिकटवला. बायकोच्या वतीनं नवऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीत तो असतो. आपली बाजू समंजस दिसावी म्हणून वकील मंडळी वर्षानुवर्षं तो लिहीत आली आहेत. सदर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत आपण माझे पक्षकारास सन्मानाने नांदवण्यास घेऊन जावे, अन्यथा आपणाविरुद्ध कायदेशीर कार्यवाही करणे भाग पडेल.

पुढच्या बुधवारी रीता वकीलपत्रावर सही करायला आली, तेव्हा तृप्तीनं तिला मधला मजकूर वाचून दाखवला. आपला मोडलेला हात, आपला फुटलेला कान असा छापील अक्षरांत, तारखेसकट ऐकताना रीताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सात वर्षांत कोणी लिहून नाही घेतलं हे," ती म्हणाली. चंद्रभागाबाईला पवनीची एसटी गाठायची होती. वरचा मायना आणि खालचा परिच्छेद वाचायचा राहिला. त्यात काय वाचायचं, तो तर ठरलेलाच असतो. बिसेन वकिलांनी सही केली आणि नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली.

दहाव्या दिवशी पोच पावती परत आली. भूपेंद्रची सही गोल, सुबक. तृप्तीनं पावती फाईलला टाचली. पंधरा दिवस गेले, उत्तर आलं नाही. बिसेन वकील म्हणाले, "घाबरला असन." मग अंतर्गत परीक्षा आल्या, मग दिवाळीची सुटी. अर्ज दिवाळीनंतर दाखल करू, असं ठरलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या बुधवारी चंद्रभागाबाई एकटीच आली. बाकावर बसली नाही, तृप्तीच्या टेबलासमोर उभी राहिली.

"तुमचा फोन काहून नाही लागत?" तिनं विचारलं.

केंद्राचा फोन प्राचार्यांच्या खोलीत होता, आणि सुटीभर त्या खोलीला कुलूप होतं. तृप्तीनं ते सांगितलं.

"रीता गेली," म्हातारी म्हणाली. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला तो. पांढरा सदरा. संग त्याच्या गावचा पोलीस पाटील, देवाजी म्हणून. सिधा माह्या दारापुढं. कोणाले घर पुसा नाही लागलं त्याले. आवाज नाही चढवला. लोकं जमले त सगळ्यायले राम राम केला अन् कागद काढला. म्हणे, कोर्टानंच पत्ता देला."

"कोर्टानं नाही, मावशी..."

"आइकून घे. मी इळा घेऊन दारात उभी राह्यली. म्हटलं, पाय टाकून त पाहा. तो म्हणे, आजी, मी जबरदस्ती कराले नाही आलो. हे तिच्याच वकिलाचा कागद हाय, माहा नाही. अन् त्यानं खालचं वाचून दाखवलं सगळ्यायपुढं. सन्मानानं नांदवाले घेऊन जावे. पोलीस पाटील म्हणे, शिक्का हाय, सही हाय, आता कोणी आडवं येऊ नये." चंद्रभागाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तरीबी मी नाही हटली, बेटा. पन आतून रीता म्हणे, मले वाचू द्या. सातवी शिकली हाय ते. उंबऱ्यावर बसून वाचलं, बोट ठेवून ठेवून. दोनदा वाचलं. मंग म्हणे, मावशी, वकीलबाईनंच लिहलं हाय. पंधरा दिवस बी होऊन गेले. आता नाही गेली त केस आपल्यावर होईन, तुह्यावर बी होईन. अन् उठली."

खोलीत आणखी दोन माणसं आपला नंबर येण्याची वाट बघत बसली होती. तृप्तीनं कपाटातून फाईल काढली आणि नोटिशीची प्रत उघडली. तिला वाटत होतं, म्हातारी काहीतरी चुकीचं सांगते आहे. पण सगळं तिथंच होतं. वर पत्ता, पिनकोडसकट. खाली तो परिच्छेद. तिनं तो आजवर बारा-पंधरा नोटिशींत चिकटवला असेल, पण त्या दिवशी तिनं तो पहिल्यांदा वाचला.

"मावशी, ते तसं नसते," ती म्हणाली. "ते सगळ्याच नोटिशीत लिहतात. त्याचा अर्थ तसा नाही होत."

"मले कायले सांगतं, बेटा," चंद्रभागाबाई म्हणाली. "तिले सांग जाऊन."

बिसेन वकिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, नवरा-बायको एकत्र आले, यात वाईट काय झालं? फाईल बंद कर आणि वर्षाच्या अहवालात समेट म्हणून दाखव. तृप्ती घरच्या मारहाणीच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली; ते दौऱ्यावर होते, कारकुनानं सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारपर्यंत थांबायचं तिला सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि अश्विन तुमसरच्या एसटीत बसले. वाटेत दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. अश्विननं एकदा काही बोलायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून मिटलं. त्यानं त्या पत्त्याच्या ओळीची आठवण करून दिली असती, तर तिनं ऐकून घेतलं असतं. तिला ते हवंच होतं.

आंबागडला भूपेंद्रचं घर विचारलं, तर लोकांनी आदरानं दाखवलं. अंगण सारवलेलं, कडेला ट्रॅक्टर, पडवीत त्याची आई धान पाखडत बसलेली. भूपेंद्र स्वतः सामोरा आला. ओळख सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्यानं दोन खुर्च्या आणून फडक्यानं पुसल्या.

"तुमीच का मॅडम. बसा. तुमचे लय उपकार हायत." आत जाऊन त्यानं नोटीस आणली. ती त्यानं प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन करून ठेवली होती, लोक दहावीचं प्रमाणपत्र ठेवतात तशी. "तुमच्या कागदाप्रमानंच चाल्लं हाय सगळं."

"मला रीताताईंशी बोलायचंय," तृप्ती म्हणाली. "एकटीशी."

"बोला ना. कायद्याचं काम हाय, मी कायले आडवू." त्यानं हाक मारली. "रीता, वकीलबाई आल्या."

रीता बाहेर आली. हाताच्या कामट्या सुटल्या होत्या, पण हात वाकडा बसला होता. डोळ्याखाली पिवळसर डाग, आठवडाभर जुना. ती मागच्या अंगणातल्या बोअरिंगच्या हापशाकडे चालायला लागली. अश्विननं भूपेंद्रला पिकाचं विचारायला सुरुवात केली, आणि तृप्ती तिच्या मागे गेली. तृप्ती तिच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"ताई, माझी चूक झाली," ती म्हणाली. तिनं एका दमात सांगितलं. "जायची काही सक्ती नव्हती. तुमच्यावर केस झाली नसती, मावशींवर पण नाही. ते वाक्य सगळेच लिहितात. नुसतं लिहायचं म्हणून."

रीतानं बोअरिंगचा दांडा धरला आणि बादलीत पाणी काढायला लागली. एका हातानं.

"नुसतं लिहाचं म्हणून," ती म्हणाली. "मंग माह्या हाताचं लिहलं ते?"

"ते खरं आहे."

"मले कसं समजावं, मॅडम? एकाच कागदावर होतं."

तृप्तीनं दांड्यावरचा तिचा हात धरला. "आत्ता चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आम्ही दोघं आहोत. दोनची एसटी आहे. त्याला अडवता येणार नाही."

"कोठी?"

"भंडाऱ्याला बायकांसाठी आधारगृह आहे."

"तेथचा पत्ता कोणाले द्या लागन काय?"

तृप्तीनं नाही म्हणायला हवं होतं. ती नाही म्हणालीही, पण क्षणभर थांबून, कारण मनातल्या मनात तिनं अर्जातला पत्त्याचा रकाना पाहिला होता. रीता तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनं तो क्षण पाहिला.

"एक जागा होती मले," रीता म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर तृप्तीला सोपं गेलं असतं. "त्याच्या मायले, त्याच्या बापले, पोलिसाले, कोणालेच नव्हती भेटली असती ते. आता नोको, मॅडम. आता तुमी काही करू नोका."

पडवीतून सासूनं हाक मारली, पाव्हण्यांना चहा ठेव म्हणून. रीता बादली उचलून आत गेली.

तृप्ती येऊन खुर्चीवर बसली. चहा आला. तिच्या घशाखाली उतरत नव्हता, पण रीता पडवीच्या खांबापाशी उभी होती, आणि पाहुण्यांनी कप तसाच ठेवला तर त्याचं बोलणं कुणाला बसेल हे आता तृप्तीलाही कळायला लागलं होतं. तिनं कप संपवला.

निघताना भूपेंद्रनं एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

"जाता जाता दोन ओळी लिहून द्या, मॅडम. तुमी येऊन पाह्यलं, बाई खुशाल हाय, आपल्या राजीनं राह्यते. गावातले लोकं काहीबाही बोलतात. तुमचा कागद असला त बरं पडते."

"असं मला लिहून देता येत नाही," तृप्ती म्हणाली.

"काहून? तुमी त पुसलं ना तिले एकटीले." तो हसून म्हणाला आणि बायकोकडे वळला. "रीता, तू काय सांगतलं मॅडमले?"

अश्विन उठून उभा राहिला होता. "चल तृप्ती," तो म्हणाला. "काही लिहायचं नाही."

तृप्तीनं रीताकडे पाहिलं. रीता रिकामे कप उचलायला पुढे आली, आणि कप उचलताना वाकून, फक्त तृप्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "देऊन टाका. नाही देलं त तुमी गेल्यावर मले पुसन, काहून नाही देलं."

भूपेंद्र पेन धरून उभा होता. त्याला काही घाई नव्हती.

तृप्तीनं पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला, तर पेन रुतायला लागलं, म्हणून भूपेंद्रनं त्याखाली धरायला लॅमिनेशन केलेली ती नोटीसच दिली. तिनं लिहिलं की आज रोजी मी सौ. रीता यांना समक्ष भेटले, त्या सासरी सुखरूप असून स्वखुशीने नांदत आहेत. खाली सही केली आणि तारीख घातली.

भूपेंद्रनं कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. मग पडवीत बसलेल्या आईलाही मोठ्यानं वाचून दाखवला, आणि रीता कप विसळता विसळता ऐकत राहिली.